बंदी कागदावर, पिशव्या आमच्या बांधावर



फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव-मांडकीच्या गावकऱ्यांनी संभाजीनगर शहराच्या कचरागाड्या अडवल्या. २३ मार्च २०१८ ला सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. पहिला दंड पाच हजार! पावती फाडायची ती मेथीची जुडी विकणाऱ्या बाईची. मग पिशव्या काढणाऱ्या कारखान्याला कुलूप कोण लावणार?

ज्वारीच्या कडब्याबरोबर पिशवी गाईच्या पोटात जाते, गाय दगावते. कापसात प्लास्टिकचा धागा सापडला की भाव पडतो. कापूस पिकवायचा आम्ही आणि बाजार करायचा प्लास्टिकच्या पिशवीत!

मते मागायला आमदार आमच्या दारी येतात. आता आपण त्यांच्या दारी जाऊ. गावोगावच्या सह्यांचे निवेदन देऊ, विधानसभेत प्रश्न मांडायला लावू : बंदी कारखान्याच्या फाटकावर करा, कापडी पिशवीला बाजार द्या. उत्तर लेखी घ्या आणि पुढच्या बैठकीला आणा.