तळमजल्याचे ड्रम



त्याग हा शब्द व्यासपीठावरून ऐकू आला की आम्ही आधी खिसा चाचपतो. ज्यांनी तो आम्हाला ऐकवला, त्यांनी स्वतः काही सोडल्याचे फारसे पाहण्यात नाही. आज आम्हीच तो शब्द काढतो आहोत, तेव्हा कारण सांगितले पाहिजे.

२०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरूत पाण्याचे हाल झाले. आदल्या वर्षी पावसाने दगा दिला होता. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून पंपाने चढवून या शहरात आणतात. ते पोचत नाही तिथे बोअरवेलवर भिस्त. सुमारे १४ हजार सरकारी बोअरवेलपैकी ६,९०० आटल्याचे मार्चमध्ये खुद्द मुख्यमंत्र्यांनी सांगितले. पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यास ५,००० रुपये दंड जाहीर झाला. ज्याच्याकडे गाडीच नाही त्या ट्रॅकमनला या दंडाचे काय? त्याच्या घरची माणसे घागर घेऊन नळाशी बसली होती.

आमच्या क्वार्टर्सला तीन मजले. पाणी सकाळी तासभर. खालचे नळ चालू असेपर्यंत वर दाब चढत नाही. खाली दोन-दोन ड्रम काठोकाठ, आणि वर रात्रपाळी करून आलेला पॉइंट्समन कोरड्या नळाखाली बादली लावून बसलेला. जिन्यात रोज भांडण. एकाच युनियनचे सभासद एकमेकांचा उद्धार करू लागले.

शेवटी शाखेची बैठक घेतली. ठराव साधा होता : खालच्यांनी वीस मिनिटांनी नळ बंद करावा. एक ज्येष्ठ गार्ड उसळले, "सेक्रेटरी, मी काय पाणी चोरतो?" चोरत कोणीच नव्हते, जो तो आपल्याच नळाचे घेत होता. तेवढ्यात मागून एका भगिनीने विचारले, "सेक्रेटरींच्या दारातल्या ड्रमांचे काय?" आम्हीही तळमजल्यावरच राहतो. सभा हसली. आम्हाला हसता आले नाही. दुसऱ्या दिवशी आमचा एक ड्रम तिसऱ्या मजल्यावर गेला आणि घरात तीन दिवस अबोला होता.

आठवड्याभरात वरचे नळ वाहू लागले. दोन घरांनी शेवटपर्यंत ऐकले नाही, पण त्यांच्यावाचून अडले नाही. टँकरची वर्गणी सगळ्यांच्याच डोक्यावर होती, ती निम्म्यावर आली. म्हणजे खालच्यांचाही तोटा झाला नाही.

काही तरुण मित्र विचारतात, अशाने वरिष्ठांना मोकळे रान मिळत नाही का? आमचा अनुभव उलटा आहे. गळका सांधा बदला, असे निवेदन आम्ही आधी दोनदा दिले होते. "तुमच्यातच एकमत नाही" असे म्हणून ते परत आले. तिसऱ्या निवेदनावर तिन्ही मजल्यांच्या सह्या होत्या. सांधा बदलला.

१९७४ च्या संपाशी आम्ही याची तुलना करीत नाही. ८ मेपासून वीस दिवस ती माणसे लढली. जॉर्ज फर्नांडिस यांच्यासह हजारो जण तुरुंगात गेले, कित्येकांची नोकरी गेली, अनेक ठिकाणी बायकामुलांना क्वार्टर्समधून बाहेर काढले. संप मागे घ्यावा लागला. पण त्या मागण्यांतला बोनस १९७९ साली मिळाला, आणि तो संपापासून दूर राहिलेल्यांनाही मिळाला. आजही तो आम्ही घेतो. त्यांनी नोकरी पणाला लावली, आमच्या वाट्याला वीस मिनिटांचा नळ आला. तेवढेही जमत नसेल तर गेट मीटिंगमध्ये घसा कोरडा करून काय उपयोग?

ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. बातमी येताच आमच्या तळमजल्यावर काही दारांत दुसरे ड्रम पुन्हा दिसू लागले. शाखेचा ठराव रद्द झालेला नाही, याची संबंधितांनी नोंद घ्यावी. आमचा ड्रम अजून वरच आहे. परत मागण्याची सोय राहिलेली नाही.