प्रेक्षक नव्हते, की येऊ दिले नाहीत?

स्त्रियांच्या फुटबॉलचा विषय निघाला की सुशिक्षित मंडळींच्या बैठकीतही कोणीतरी, काहीशा व्यवहारी सुरात आणि आपण फार मोठे अर्थशास्त्रीय सत्य सांगत आहोत अशा आविर्भावात, एक प्रश्न हमखास टाकतो: "पण हे सामने बघतो कोण?" या प्रश्नाला उत्तर अपेक्षित नसते, तो स्वतःच निकाल असतो. प्रेक्षक नाहीत म्हणून उत्पन्न नाही, उत्पन्न नाही म्हणून प्रक्षेपण नाही, प्रक्षेपण नाही म्हणून वर्तमानपत्रात चार ओळींपलीकडे मजकूर नाही, आणि लोकांची आवड ही निसर्गानेच ठरवून दिलेली असल्यामुळे या साऱ्याची जबाबदारी कोणावरच नाही, असा हा युक्तिवाद चालतो. माझे म्हणणे असे की, त्याला इतिहासाचा आधार नाही. प्रेक्षक होते, भरपूर होते; ज्यांच्या हाती मैदानांच्या किल्ल्या होत्या त्यांनी लेखी ठराव करून ते घालवले.

इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात प्रेस्टन या गावी डिक, कर आणि कंपनीचा ट्रामगाड्या बांधणारा कारखाना होता. पहिल्या महायुद्धात पुरुष कामगार रणांगणावर गेले, कारखान्यात दारूगोळा तयार होऊ लागला, आणि त्या कामावर रुजू झालेल्या मुली जेवणाच्या सुट्टीत आवारात चेंडू खेळता खेळता एके दिवशी रीतसर संघ करून बसल्या. जखमी सैनिकांच्या आणि रुग्णालयांच्या साहाय्यार्थ त्या सामने खेळू लागल्या. लिली पार ही जेमतेम पंधरा वर्षांची मुलगी त्यांच्यातलीच, जिच्या फटक्याचा जोर पुढे दंतकथेचा विषय झाला. २६ डिसेंबर १९२० रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर या संघाने सेंट हेलेन्सच्या मुलींना ४-० असे हरवले, तेव्हा आत सुमारे ५३,००० माणसे होती आणि जागा नसल्यामुळे दरवाजावरून परत गेलेल्यांची संख्याही काही हजारांत होती. दूरचित्रवाणी नाही, जाहिरातदार नाही, कोणा मंत्र्याचे प्रोत्साहन नाही; केवळ खेळ पाहण्याच्या इच्छेने ही माणसे थंडीत घराबाहेर पडली होती.

एक वर्षही पुरते उलटले नाही तोच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ स्त्रियांना सर्वथा अयोग्य आहे आणि असोसिएशनशी संलग्न असलेल्या क्लबांनी आपली मैदाने अशा सामन्यांसाठी देऊ नयेत. ठरावाला एक शेपूटही होते: सामन्यांच्या उत्पन्नातील वाजवीपेक्षा अधिक रक्कम खर्चापोटी जाते आणि धर्मादायाच्या वाट्याला पुरेसे येत नाही, अशी तक्रार त्यात नमूद होती. ज्यांच्या स्वतःच्या छत्राखालील पुरुषांचे क्लब उघडउघड पैशासाठी चालत होते, त्यांनी दानधर्मासाठी खेळणाऱ्या गिरणगावच्या मुलींच्या हिशेबवह्या संशयाने चाळाव्यात, यातील विनोद त्या वेळी दप्तरातील कोणाला जाणवलेला दिसत नाही. ही मनाई उठायला १९७१ साल उजाडावे लागले. तिच्याबद्दल दिलगिरी व्यक्त व्हायला २००८. आणि गुडिसन पार्कचे काय झाले म्हणाल, तर एव्हर्टन क्लबचा पुरुष संघ २०२५ साली नव्या मैदानावर गेल्यावर ते जुने मैदान पाडून टाकण्याऐवजी क्लबच्या महिला संघाला कायमचे देण्यात आले. एकशेपाच वर्षांचा वळसा घेऊन स्त्रिया जिथून निघाल्या होत्या तिथेच परत आल्या.

इंग्लंड एकटे नव्हते. पश्चिम जर्मनीच्या महासंघाने १९५५ ते १९७० अशी बंदी चालवली. ब्राझीलमध्ये १९४१ साली सरकारी फर्मानच निघाले की स्त्रीप्रकृतीशी विसंगत खेळ स्त्रियांनी खेळू नयेत, आणि ते १९७९ पर्यंत अंमलात होते. ज्या देशाची ओळख फुटबॉलवाचून पुरी होत नाही, त्या देशात दोन पिढ्यांच्या मुली गल्लीबोळांत चोरून खेळल्या. विश्वचषकांत सतरा गोल करणारी मार्ता ज्या देशातून आली, त्या देशाचा हा पूर्वेतिहास आहे हे तिचा खेळ पाहताना ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तरीही संधी मिळेल तेव्हा प्रेक्षक येतच राहिले. १९७१ च्या उन्हाळ्यात मेक्सिकोमध्ये सहा देशांच्या महिला संघांची स्पर्धा झाली. तिला फिफाची मान्यता नव्हती. आयोजकांना स्त्रीत्वाची भलतीच काळजी असल्यामुळे गोलाच्या खांबांवर गुलाबी पट्टे रंगवण्यात आले होते. अंतिम सामन्यात डेन्मार्कने यजमानांना ३-० असे हरवले, तिन्ही गोल पंधरा वर्षांच्या सुसाना ऑगस्टेसन हिने केले, आणि अझ्टेका मैदानावर त्या दिवशी सुमारे १,१०,००० माणसे होती. त्यानंतर फिफाने स्वतःचा पहिला महिला विश्वचषक भरवला तो थेट १९९१ साली, चीनमध्ये; तोही सामने नव्वदऐवजी ऐंशी मिनिटांचे ठेवून आणि 'विश्वचषक' हे नाव देण्यासही कचरत. मधली वीस वर्षे कुठे गेली, याचा जाब कोणीही कोणाला विचारलेला नाही.

हा सगळा जुना दस्तऐवज उकरून काढण्याचे कारण असे की, उत्पन्नाचा मुद्दा आजही तितक्याच निरागसपणे मांडला जातो. २०२३ च्या विश्वचषकाचे प्रक्षेपण-हक्क पुरुषांच्या स्पर्धेपासून वेगळे काढून विकायला आले, तेव्हा पुरुषांसाठी दहा ते वीस कोटी डॉलर मोजणाऱ्या युरोपातील वाहिन्या स्त्रियांसाठी दहा लाखांपासून एक कोटीपर्यंतच देऊ करीत आहेत, अशी तक्रार फिफाचे अध्यक्ष जियानी इन्फान्टिनो यांना जाहीरपणे करावी लागली. स्पर्धा महिन्यावर आली तेव्हा कुठे सौदा पटला. बक्षिसांची रक्कम अकरा कोटी डॉलर, आदल्या वर्षी कतारमध्ये पुरुषांना चव्वेचाळीस कोटी. मी समान वेतनाचा आंधळा पुरस्कर्ता नाही. उत्पन्न आणि मोबदला यांचा काही संबंध असावा हे मला मान्य आहे. परंतु ज्या दुकानाला कुलूप ठोकून पन्नास वर्षे बंद ठेवले, त्याच्या विक्रीची तुलना शेजारच्या चालत्या दुकानाशी करणे आणि त्यावरून मालाची प्रत ठरवणे, हा कोणता हिशेब? कुलूप निघाल्यावर काय होते ते दिसतेच आहे. एप्रिल २०२२ मध्ये बार्सिलोना आणि वोल्फ्सबुर्ग यांचा सामना पाहायला कॅम्प नू मैदानात ९१,६४८ लोक होते, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील त्याच २०२३ च्या विश्वचषकाला एकूण एकोणीस लाखांहून अधिक प्रेक्षकांनी हजेरी लावली.

परंतु संख्येने डोळे दिपवणे हा माझा हेतू नाही. त्याहून मोठा अडसर आपल्या मनात आहे, आणि तो विरोधाचा नसून उपकाराचा आहे. स्त्रियांचा सामना 'प्रोत्साहन म्हणून' पाहावा, चुका झाल्या तर बोलू नये, हरल्या तरी टाळ्या वाजवाव्यात, अशी एक सद्भावनेची गुळमट पद्धत रूढ झाली आहे. खेळाडूला तिचा काडीमात्र उपयोग नाही. ज्याचा बचाव ढिसाळ आहे त्याला ढिसाळ म्हणावे, पंचाचा निर्णय चुकला तर हळहळावे, एखादा संघ आपला मानून त्याच्या पराभवाने दोन दिवस जेवण गोड लागू नये. पाहणे याला म्हणतात.

१७ जुलै २०२५ च्या रात्री झुरिकमध्ये युरोपीय स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंड आणि स्वीडन समोरासमोर आले. आपल्याकडे तेव्हा साडेबारा वाजून तारीख पालटली होती. पाऊण तास उलटून गेला तरी इंग्लंडच्या बचावाला सूर सापडेना. स्वीडनने दोन गोल चढवले होते आणि ते त्यांच्या हक्काचे होते. शेवटची अकरा मिनिटे उरली असता लूसी ब्रॉन्झने डोक्याने एक गोल केला, दोनच मिनिटांत एकोणीस वर्षांच्या मिशेल अजेमांगने बरोबरी साधली. जादा वेळेतही निकाल लागेना. मग ज्या पेनल्टी झाल्या त्यांना उत्कृष्ट म्हणणे सत्याचा अपलाप ठरेल: चौदापैकी नऊ वाया गेल्या. स्वीडनची गोलरक्षक जेनिफर फाल्क हिने चार अडवल्या, विजयाची पेनल्टी मारायला स्वतःच पुढे आली, आणि चेंडू आडव्या खांबावरून आकाशात गेला. समोरची हॅना हॅम्प्टन रक्ताळलेल्या नाकात बोळा कोंबून उभी होती. ब्रॉन्झने मांडीवरची पट्टी सोडून भिरकावली आणि असा फटका मारला की गोलरक्षकाला हात हलवायला अवधी मिळू नये. नडगीच्या हाडाला तडा गेला असताना ही बाई ती सबंध स्पर्धा खेळली, हे अंतिम सामना जिंकून झाल्यावर तिने सांगितले. त्या रात्री मैदानावर दोष पुष्कळ होते. त्या दोषांसकट पहाटे तीन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागू न देण्याचे सामर्थ्य ज्या खेळात आहे, त्याला प्रोत्साहनाच्या कुबड्या कशाला?

एकाच सामन्याने मात्र गोडी लागत नाही. एका स्पर्धेत पाहिलेली खेळाडू दुसऱ्या खंडात, दुसऱ्या ऋतूत पुन्हा भेटली पाहिजे, तिच्या मागच्या यशापयशाचा संदर्भ आपल्या मनात असला पाहिजे, तेव्हा निकालाला अर्थ येतो. आपल्या दाराशी घडलेले उदाहरण देतो. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आशियाई महिला चषक महाराष्ट्रात झाला: नवी मुंबई, अंधेरी आणि पुण्याचे बालेवाडी ही त्याची मैदाने. यजमान भारताने इराणशी बरोबरी केली आणि लगेच साथीने संघाला असे घेरले की दुसऱ्या सामन्यासाठी तेरा खेळाडूही उभे राहू शकले नाहीत. नियमानुसार भारत स्पर्धेतून बाद झाला आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या लेखी स्पर्धाही तिथेच आटोपली. वास्तविक खरी गंमत पुढे होती. बालेवाडीवर फिलिपाइन्स आणि चिनी तैपेई यांचा सामना पेनल्टीपर्यंत लांबला, सरीना बोल्डेन हिने निर्णायक पेनल्टी मारली, आणि फिलिपाइन्स इतिहासात प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरले. दीड वर्षाने, २५ जुलै २०२३ रोजी, वेलिंग्टनच्या गच्च भरलेल्या मैदानात याच बोल्डेनने डोक्याने गोल करून यजमान न्यूझीलंडला १-० असे हरवले. गोलात तीच ऑलिव्हिया मॅकडॅनियल होती जी बालेवाडीला होती. तो विजय जगाला आश्चर्याचा धक्का वाटला. ज्याने पुण्यात त्यांना पाहिले होते त्याला तो ओळखीच्या गोष्टीचा पुढचा धागा वाटला असता. पण असे पुणेकर किती असतील? त्याच मैदानावर त्याच आठवड्यात चीनने जपानशी जादा वेळेच्या अखेरीस बरोबरी करून पेनल्टीवर बाजी मारली, आणि नंतर नवी मुंबईत दोन गोलांनी मागे पडूनही कोरियाला ३-२ हरवून चषक नेला. असा खेळ घरबसल्या आला असता आपण तो पाहुण्यासारखा आल्या पावली परत पाठवला.

भारतीय संघाकडेही आपण असेच अधूनमधून बघतो. १९७९-८० च्या मोसमात कोळिकोडला आणि १९८३ मध्ये बँकॉकला आपल्या मुली आशियाई स्पर्धेत उपविजेत्या ठरल्या होत्या, ही गोष्ट आज सांगितली तर लोकांना खोटी वाटते. मधल्या दीर्घ उपेक्षेनंतर ५ जुलै २०२५ रोजी चियांग माई येथे, दोन विश्वचषक खेळलेल्या थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ हरवून, भारत पात्रता फेरीतून प्रथमच आशियाई चषकात पोहोचला. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे. दुसऱ्या दिवशी अभिनंदनाचे मथळे सजले आणि तिसऱ्या दिवशी विषय बंद झाला. संगीता आणि तिच्या सहकारी ज्या इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळतात, तिचे निकाल शोधायचे तर आपल्या क्रीडापानावर भिंगच घ्यावे लागते. मला अभिनंदनाच्या मथळ्यांचा राग आहे, तो यासाठी. त्यांनी संपादकांच्या मनावरचे ओझे उतरते, वाचकाच्या हाती काही लागत नाही.

म्हणून संपादकांना विनंती एवढीच की, लेख नकोत, विशेष पुरवण्या तर मुळीच नकोत; प्रत्येक सोमवारी इंडियन विमेन्स लीगची आणि युरोपातील एखाद्या प्रमुख महिला लीगची गुणतालिका, पुढील आठवड्याच्या सामन्यांच्या भारतीय वेळांसह, पुरुषांच्या तालिकेखाली छापत जा. जागा दोन बोटे लागेल. आणि वाचकांना विनंती अशी की, पुरुषांच्या चॅम्पियन्स लीगसाठी जे लोक साडेबाराला जागतात त्यांनी वेळ सोयीची नसल्याची सबब तरी पुढे करू नये. २०२३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्याकडे रविवारी दुपारी साडेतीनला होता. पुढचा विश्वचषक २४ जून ते २५ जुलै २०२७ या काळात, जवळजवळ चाळीस वर्षे स्त्रियांना मैदानाबाहेर ठेवणाऱ्या त्याच ब्राझीलमध्ये आहे. तोवर एक कोणतीही लीग धरावी, एक संघ आपला करावा, आणि त्याची तालिका सोमवारच्या अंकात दिसली नाही तर संपादकांना एक पोस्टकार्ड टाकावे.