घरी मोटार जोडावी काय?

ज्याच्या हाताला पान्याची आणि हातोडीची सवय आहे, अशा माणसाच्या मनात एक विचार केव्हा ना केव्हा डोकावतोच. मोटार म्हणजे शेवटी सुट्या भागांची जुळणीच ना? मग ती आपण आपल्या अंगणात का जुळवू नये? हा विचार हसून झटकून टाकण्यासारखा खचित नाही. परंतु उत्साहाच्या भरात अमलात आणण्यासारखाही तो नाही. येथे जो निर्णय करावयाचा, तो पहिला बोल्ट विकत घेण्यापूर्वीच केला पाहिजे.

या छंदाचे माहेरघर इंग्लंड होय. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली ‘सेव्हन’ नावाची हलकी, दोन आसनांची, उघडी मोटार बाजारात आणली आणि ती सुट्या भागांच्या संचाच्या रूपातही विकली. त्यामागे साधा हिशेब होता. तयार मोटारीवर त्या काळी खरेदी-कर बसे. भाग घेऊन स्वतः जोडणाऱ्यास तो पडत नसे. त्यामुळे बेताच्या मिळकतीच्या, पण कुशल हाताच्या माणसाला शर्यतीच्या जातीची मोटार आवाक्यात येई. १ एप्रिल १९७३ पासून तेथे खरेदी-कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी लोटसने ‘सेव्हन’चे हक्क कॅटरहॅम कंपनीस दिले. ती कंपनी त्या मोटारीचे संच अद्यापही विकते आणि लोक ते आवडीने घेतात. कराचे कारण गेले तरी छंद उरला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

यावरून विचारावयाचा पहिला प्रश्न ठरतो. आपणास मोटार हवी आहे, की मोटार जोडण्याचे काम हवे आहे? केवळ मोटार हवी असेल, तर चांगल्या स्थितीतील जुनी मोटार घ्यावी. ती स्वस्त पडेल आणि उद्याच दारात उभी राहील. संध्याकाळी दोन तास एखादा भाग घासण्यात, बसविण्यात आणि न बसल्यास पुन्हा काढण्यात ज्यास आनंद वाटतो, त्यानेच पुढचे प्रश्न स्वतःस विचारावेत.

दुसरा प्रश्न वेळेचा. सर्व भाग तयार मिळणारा चांगला संच जोडण्यास सुमारे १०० तास लागतात. रविवारी ४ तास दिले, तर २५ रविवार झाले, म्हणजे जवळजवळ अर्धे वर्ष. आणि हा सर्वांत सोपा मार्ग झाला. दुसरा मार्ग रॉन चॅम्पियन या इंग्रज लेखकाने १९९६ च्या आपल्या पुस्तकात दाखविला. अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स मोटार बांधा, असे त्या पुस्तकाचे नावच सांगते. चौकोनी पोलादी नळ्या कापून सांगाडा स्वतः वेल्ड करावयाचा आणि एखाद्या जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे इंजिन, गिअरबॉक्स व मागचा आस त्यात बसवावयाचा, अशी ती रीत. पैसे थोडे लागतात. पण जेथे पैसा वाचतो तेथे वेळ खर्ची पडतो. ६०० तासांचे काम धरले, तर वरच्याच हिशेबाने १५० रविवार होतात. तीन वर्षांचे रविवार घरातील कोणाकोणाच्या वाट्याचे आहेत, याचा विचार एकट्याने करून भागत नाही. घरच्या मंडळींसमवेत बसून तो करावा आणि त्यांचा होकार मनापासूनचा आहे ना, हेही पाहावे.

तिसरा प्रश्न जागेचा व हत्यारांचा. पाऊस, धूळ आणि लहान मुले या तिहींपासून दूर अशी झाकलेली जागा वर्षभर अडवून ठेवता येईल काय? बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा टॉर्क पाना, गाडी उचलून धरणाऱ्या भक्कम घोड्या, वायरिंग तपासण्याचे मीटर यांचा खर्च भागांच्या किमतीत मोजलेला नसतो. टायर, ब्रेक आणि स्टिअरिंग यांत काटकसर करू नये. रंग फिका पडला तर काही बिघडत नाही. ब्रेकची नळी फुटली तर आपल्याबरोबर रस्त्यावरील परक्याचाही जीव जातो.

म्हणूनच इंग्लंडातही घरी जोडलेली मोटार तशीच रस्त्यावर आणता येत नाही. प्रत्येक गाडीची स्वतंत्र सरकारी तपासणी होते. ब्रेक, दिवे, आरसे, धूर, आवाज आणि वेगदर्शक यांबरोबरच बाहेर आलेल्या कडाही मोजल्या जातात. पादचाऱ्यास लागू शकेल अशा कडेची गोलाई किमान २.५ मिलिमीटर असावी लागते. यंत्र चालते एवढ्याने तेथे कोणाचे समाधान होत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे चौथा प्रश्न कायद्याचा असून तोच निर्णायक आहे. मोटार तयार करणाऱ्यास आपल्या नमुन्याची चाचणी पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई किंवा मानेसरची आयकॅट यांसारख्या मान्य संस्थेकडून करून घ्यावी लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. एकच गाडी बांधणाऱ्या गृहस्थास ही वाट व्यवहारतः बंद आहे.

२०२१ च्या अखेरीस सांगली जिल्ह्यातील एका कारागिराने भंगारातून बांधलेली, दुचाकीसारखी लाथ मारून सुरू होणारी छोटी जीप देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी त्या कल्पकतेची मुक्तकंठाने वाखाणणी केली. पण ही गाडी नियमांत बसत नाही, हेही स्पष्ट सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात ती त्या कुटुंबास मिळाली. असे भाग्य प्रत्येकाच्या वाट्यास येत नाही. इतरांच्या हाती उरते ती रस्त्यावर नेता न येणारी गाडी आणि खर्ची पडलेली शिल्लक.

मग हातांची ही हौस दाबून टाकावी काय? मुळीच नाही. घरातील जुनी स्कूटर किंवा मोटार, तिचे मूळ रूप न बदलता, पूर्ण सुटी करून पुन्हा जोडावी. विद्या तीच मिळते आणि नोंदणीही अबाधित राहते. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी २०२१ पासून नोंदणीचे वेगळे नियमही झाले आहेत. मुलगा अथवा मुलगी अभियांत्रिकी महाविद्यालयात असेल, तर २००७ पासून होत असलेल्या ‘बाहा एसएई इंडिया’ स्पर्धेची चौकशी करावी. तेथे विद्यार्थी आपल्या हातांनी गाडी बांधतात, जाणकार ती तपासतात आणि मगच ती स्पर्धेच्या मैदानावर धावते.

तात्पर्य, अंगणात पूर्ण मोटार बांधण्याचा बेत आपल्याकडे तरी सोडून द्यावा. पाना मात्र खाली ठेवू नये. सुटे केलेले प्रत्येक यंत्र पुन्हा जोडून चालू करता आले, तर घरात एक जाणकार वाढला असे समजावे, आणि तो लाभ मोटारीहून लहान नव्हे.