गूज, गवत आणि गुपचूप

शिकारीचा विषय काढला की आपल्या मंडळींच्या दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. पहिली, "ई! कसं करवतं रे या लोकांना?" ही बहुतेक वेळा तंदुरी चिकनची तंगडी हातात धरून येते. दुसरी, "आपणही एकदा जायला पाहिजे यार, सॉलिड थ्रिल असणार!" दोघांनाही शिकार म्हणजे बंदूक वाटते. मी काही वर्षं अमेरिकेत मिनेसोटात होतो. तिथे दर हिवाळ्याच्या तोंडावर ऑफिसातले निम्मे लोक गूज हंटिंगच्या गप्पा मारायचे. त्या ऐकून कळलं की बंदूक हा शेवटच्या दहा सेकंदांचा मामला आहे. बाकी सगळा वेळ जातो तो लपण्यात.

आज त्या लपण्याबद्दल लिहायचंय, आणि त्या निमित्ताने आपल्याबद्दल थोडं कडू बोलायचंय. आधीच सांगून टाकतो, मी शिकार करत नाही आणि करणारही नाही.

तर कॅनडा गूज. काळी मान, गालावर पांढरा पट्टा, अंगाने आपल्या बदकापेक्षा कितीतरी मोठा. (मराठीत गूज म्हणजे गुपित. या पक्ष्यासमोर गुपित राखणं किती अवघड आहे हे कळलं की हा योगायोग फारच आवडतो.) डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे मान न वळवता जवळपास चहूकडचं दिसतं. आपल्या डोळ्याला तीन मूळ रंग कळतात, पक्ष्यांना चार. त्यात हे थव्याने राहतात, म्हणजे एका माणसाला चकवायचं तर शंभरेक डोळ्यांना एकदम चकवावं लागतं. जोडी सहसा आयुष्यभराची, आणि पिल्लं पहिल्या प्रवासात आईबापांबरोबरच असतात. त्यामुळे 'त्या शेतात काहीतरी गडबड होती' हे ज्ञान पुढच्या पिढीला फुकट मिळतं. आमच्या कंपनीत नॉलेज ट्रान्स्फर इतकं चांगलं कधीच झालं नाही :)

अशा पक्ष्यासमोर लपायचं कसं? आदल्या संध्याकाळी गाडीतून फिरून थवा नेमका कुठल्या शेतात, शेताच्या कुठल्या कोपऱ्यात चरतोय ते बघायचं. शेतकऱ्याची परवानगी घ्यायची. मग पहाटे अंधारात, कडाक्याच्या थंडीत, तिथे जाऊन डझनावारी नकली पक्षी मांडायचे. गूज वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरतात, म्हणून नकली पक्षी इंग्रजी 'यू'च्या आकारात मांडून वारा जिकडे जातो ती बाजू मोकळी ठेवायची. स्वतः लेआउट ब्लाइंड नावाच्या पेटीत उताणं झोपायचं. ही पेटी म्हणजे कापडी शवपेटीच, फक्त झाकण आतून उघडतं.

खरी मेहनत इथून पुढे. दुकानातून आणलेल्या नव्या पेटीचं कापड चमकतं, म्हणून तिला आधी चिखल फासायचा. मग त्याच शेतातली धाटं, तोच पाला तिच्यावर खोचायचा. मक्याच्या शेतातली पेटी सोयाबीनच्या शेतात चालत नाही, रंग वेगळा दिसतो. उंचवटा राहिला की कोवळ्या उन्हात लांब सावली पडते, आणि वरून ती सावलीच आधी दिसते. दव गोठून शेत पांढरं झालं असेल तर अजून पंचाईत, कारण आत माणूस असल्याने पेटीवरचं दव वितळतं आणि पांढऱ्या शेतात एक काळा ठिपका उरतो. आधी झाडलेल्या काडतुसांची पितळी टोकं चमकतात, तीही वेचायची. आणि एवढं सगळं करून शेवटी घात कोण करतं? माणसाचा चेहरा. थवा डोक्यावर घिरट्या घालायला लागला की वर बघायचा मोह आवरत नाही. एकाने मान वर केली, त्याच्या गोऱ्या गालावर ऊन पडलं, की अख्खा थवा वळतो आणि निघून जातो. चार तासांची तयारी पाण्यात. म्हणूनच तिथले जुने लोक म्हणतात, महागडे कपडे राहू देत, आधी हलू नका.

तुम्ही म्हणाल, ही शुद्ध फसवणूक झाली. बरोबर आहे. पक्षी उतरतो तो खाली आपले भाईबंद निवांत चरताहेत या भरवशावर, आणि त्या भरवशाचाच फायदा घेतला जातो. मलाही हे खटकतं. पण त्या लोकांनी फसवायचं किती, याची मर्यादा कायद्याने आखून घेतली आहे, आणि तो इतिहास मला महत्त्वाचा वाटतो.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बाजारात विकण्यासाठी पाणपक्षी अक्षरशः घाऊक मारले गेले. शेवटी 1916 साली कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी करार झाला आणि 1918 साली स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आला. 1935 साली जिवंत पाळीव पक्षी बांधून रानटी पक्ष्यांना बोलावणं बंद झालं. दाणे टाकून आमिष दाखवणं बंद झालं. बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं, असा नियम आला. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायलाही मनाई आहे, तोंडाने शिट्टी फुंकून काय येईल ते. 1991 पासून पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे पूर्ण बंद, कारण ते चिखलात पडतात, पक्षी गिळतात आणि विषबाधेने मरतात. शिवाय 1934 पासून शिकाऱ्याला सरकारी 'डक स्टँप' घ्यावा लागतो. आज तो 25 डॉलरला आहे, आणि त्यातल्या प्रत्येक डॉलरचे 98 सेंट पाणथळ जागा विकत घ्यायला आणि राखायला जातात.

कॅनडा गूजची सगळ्यात मोठी जात नष्ट झाली असं एकेकाळी समजलं जात होतं. 1962 साली ती मिनेसोटातल्याच रॉचेस्टर गावी सापडली. आज हेच पक्षी तिथल्या बागा आणि गोल्फ कोर्स घाण करतात म्हणून लोक वैतागलेले असतात! उलट स्नो गूज इतके वाढले की हडसन उपसागराकाठचा टुंड्रा त्यांनी खरवडून काढला, तेव्हा 1999 साली फक्त त्यांच्यासाठी काही नियम मुद्दाम सैल केले गेले. म्हणजे पक्ष्यांची मोजणी करून नियम बदलतात, कुणाच्या मूडवर नाही. आता सगळे नियम पाळून मारला म्हणून पक्ष्याला काही फरक पडत नाही, तो मरतोच. पण थव्याला पडतो, आणि पुढच्या वर्षीच्या थव्यालाही पडतो.

मर्यादा नसली की काय होतं हे बघायला अमेरिकेत जायला नको. भरतपूरला 12 नोव्हेंबर 1938 या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत 4,273 पक्षी मारले गेले. तो आकडा तिथे दगडावर कोरून ठेवलाय, अभिमानाने! आपल्याकडे 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि या खेळाला लगाम बसला. छान झालं. भारतात शिकार पुन्हा सुरू करा असं मी अजिबात म्हणत नाहीये.

माझा मुद्दा वेगळाच आहे. बंदूक गेली आणि आपल्या हातात कॅमेरा आला, पण त्याबरोबर मर्यादा आलीच नाही.

हिवाळ्यातल्या कुठल्याही रविवारी भिगवणला जाऊन बघा. उजनीच्या फुगवट्यावर तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस काठाला चरत असतात. भडक जॅकेट घातलेले पाच-सहा जण होडीत उभे. खांद्याला कॅमोफ्लाज कापडात गुंडाळलेली लाखभराची लेन्स. लेन्स लपलेली, माणूस मात्र उघडा! हंस मान ताठ करून बघायला लागतात. ही त्यांची धोक्याची पहिली खूण असते. आणि नेमकी त्याच वेळी होडीतून ऑर्डर सुटते, "दादा, अजून जवळ घ्या ना, उडताना पाहिजे!" दादाही घेतात, त्यांचं पोट त्याच्यावर आहे. थवा उडतो, मशीनगनसारखा शटर वाजतो, सगळे खूष. पुढच्या होडीसाठी तोच थवा परत उडतो. मुंबईच्या खाडीत कुरव पक्ष्यांना शेव-गाठी टाकून फ्रेम भरली जाते, ते वेगळंच.

गंमत बघा. त्या 1972 च्या कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात मारणं आणि पकडणं तर येतंच, पण प्राण्याला हाकणं आणि आमिष दाखवणंही येतं. होडीतल्या प्रत्येकाला कोर्टात खेचा असं माझं म्हणणं नाही. पण कायदा लिहिणाऱ्यांना जे कळलं होतं ते आपल्याला इन्स्टाग्रामच्या नादात कळेनासं झालंय. हे पक्षी इथे चरून अंगावर चरबी साठवतात आणि तिच्या जोरावर परत जातात. प्रत्येक फुकटच्या उड्डाणाचं बिल त्या चरबीतून जातं, आपल्या क्रेडिट कार्डातून नाही.

यावर उपाय काही रॉकेट सायन्स नाही. पक्ष्यांच्या आधी जाऊन बसा. होडी लांब थांबवा, आणि उडवायला सांगणाऱ्या मित्राला तिथेच गप्प करा. मान वर झाली की थांबा, पुन्हा चरायला लागेपर्यंत हलू नका. नाशिकजवळ नांदूर मध्यमेश्वरला, महाराष्ट्राच्या पहिल्या रामसर स्थळी, निरीक्षणासाठी मनोरे आहेत, तिथून बघा. उडवून न काढलेल्या फोटोलाच लाईक द्या. आणि होडीवाल्या दादांना 'जवळ नेल्याबद्दल' नको, 'लांब थांबल्याबद्दल' वरचे शंभर रुपये द्या. बाजार आपणच तयार केलाय, तो आपणच बदलू शकतो.

मिनेसोटातला माणूस पक्ष्याला मारायला म्हणून चार तास चिखलात निश्चल पडून राहतो. आपण तर म्हणे पक्ष्यांवर प्रेम करतो. मग आपल्याला अर्धा तास गुपचूप बसायला काय हरकत आहे? बघा पटतंय का.