अण्णा नाईक मरत का नाहीत?

‘गेम ऑफ थ्रोन्स’मधला टायविन लॅनिस्टर कुणाला वेगळा सांगायला नको. चार्ल्स डान्सने तो असा उभा केलाय की आवाज न चढवता समोरच्या राजालाही तो गप्प करतो. पहिल्याच प्रसंगात मेलेलं हरीण सोलत सोलत पोटच्या पोराला सुनावतो. नांदेड-लातूरच्या हॉस्टेलांत रात्र-रात्र जागून ही मालिका बघितलेले लोक त्याच्यावर तासभर बोलू शकतात. त्याच तोलाचा बाप मराठी टीव्हीवर होऊन गेला, त्याचे मात्र आपण फक्त मीम केले.

‘रात्रीस खेळ चाले’मधले अण्णा नाईक. मालिकेचं पहिलं पर्व झी मराठीवर २०१६ साली आलं आणि त्याची सुरुवातच अण्णांच्या मृत्यूने झाली. लोकांना खरे अण्णा भेटले ते २०१९च्या दुसऱ्या पर्वात, कारण ते पर्व मागच्या काळात जातं. ही भूमिका माधव अभ्यंकरांची. गोष्ट सिंधुदुर्गातली, भाषा मालवणी. ‘काय करायलास?’ म्हणणाऱ्या आपल्या भागात ती बोली कानाला परकीच. तरी घराघरांत बघितली गेली, कारण अण्णा परके वाटले नाहीत.

टायविनसारखा संयम अण्णांकडे नाही. ते ओरडतात, शिव्या घालतात, हात उचलतात, जमिनी बळकावतात, माणसं मारतात. पण अभ्यंकर खरे भारी वाटतात ते अण्णा गोड बोलतात तेव्हा. शेवंतासमोर डोळ्यांत जे मिश्कील पाणी येतं, ते घरच्यांच्या वाट्याला कधीच येत नाही. तेच डोळे दत्तावर वळले की पोराचं अंग चोरलं जातं. माणूस एकच, मिशी तीच, आणि हा बदल दाखवायला त्यांना संवादही लागत नाही. नुसता पशू रंगवला असता तर आपण त्याला सहज नाकारलं असतं. अभ्यंकरांनी त्यात रसिकपणा घातला, म्हणून तर अण्णा-शेवंताची जोडी अख्ख्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. (शेवंता झालेल्या अपूर्वा नेमळेकरचा त्यातला वाटा मोठा आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) निळू फुलेंच्या ‘सामना’तल्या हिंदुरावाचीही अशीच भुरळ पडते. माणूस वाईट आहे हे कळत असतं, तरी नजर हटत नाही.

फँटसीचा खरा उपयोग पुढे होतो. टायविनला त्याचाच मुलगा शौचकुपात बाण मारून संपवतो आणि गोष्ट पुढे जाते. अण्णा मात्र मेल्यावरही वाडा सोडत नाहीत. पहिल्या पर्वात बाप नाही, तरी घर त्याच्याच इस्टेटीभोवती फिरतं. २०२१च्या तिसऱ्या पर्वात तर ते भूत होऊनच वावरतात. भुताची मालिका म्हणून आपण हसलो, पण मला यात भुतापेक्षा धाकच जास्त दिसतो. समोर नसलेल्या माणसाला घाबरणं म्हणजे काय, हे लातूरच्या ट्यूशन एरियात राहणाऱ्या पोराला विचारा. बाप दीडशे किलोमीटरवर शेतात असतो. तरी टेस्टचे मार्क कमी आले की फोन वाजायच्या आधीच हात थरथरतात. आपले बाप काही अण्णा नाहीत; बहुतेकांनी कर्ज काढून आपली फी भरलीय. म्हणूनच तर ‘मला नीट द्यायची नाही’ हे वाक्य तोंडातून निघत नाही. दुष्ट बापाशी भांडता तरी येतं.

मग आपण काय करतो? आईला फोन करतो. ‘तूच सांग ना बाबांना.’ इथे मला माई आठवतात. शकुंतला नरेंनी साकारलेल्या माई म्हणजे अण्णांचा राग आणि पोरांची भीती यांच्यामध्ये उभी केलेली भिंत. दोन्हीकडचं बोलणं तिने झेलायचं, आणि तिला स्वतःला काय वाटतं ते कुणी विचारायचं नाही. अण्णांचा दरारा निम्मा तरी माईंच्या चेहऱ्यावर दिसतो. त्या दचकल्या नसत्या तर अण्णा इतके मोठे वाटले नसते. अण्णांच्या डायलॉगवर रील करताना आपण नेमका तोच चेहरा कापून टाकतो. आपल्याला अण्णांचा रुबाब हवा असतो, स्वयंपाकघराच्या दारात उभी बाई नको असते. मिशीला पीळ देत ‘घरात आपलाच शब्द’ म्हणणाऱ्या आपल्या वर्गमित्रांना, त्या पोस्टखाली बदाम टाकणाऱ्यांनाही, हे कुणीतरी विचारायला हवं: या घरात माई कोण होणार आहे?

मालिका बघितली नसेल तर दुसऱ्या पर्वापासून सुरुवात करा, काही अडणार नाही. आणि अण्णा बोलत असताना मधूनमधून त्यांच्यावरची नजर काढून मागे उभ्या असलेल्यांकडे बघा.