पर्यटनाचें ओझें कोणाच्या खांद्यावर?

कांहीं शब्द असे असतात कीं, ते उच्चारतांच बोलणाऱ्यास पुण्य लागल्यासारखें वाटतें आणि ऐकणाऱ्यास पुढें प्रश्न विचारण्याचा संकोच होतो. ‘शाश्वत पर्यटन’ हा हल्लीं अशा शब्दांचा मेरुमणि होऊन बसला आहे. १९८७ सालीं ब्रुंटलंड आयोगाच्या अहवालानें शाश्वत विकासाची कल्पना जगापुढें मांडली. पुढें २०१७ हें वर्ष संयुक्त राष्ट्रसंघानें शाश्वत पर्यटनाचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलें. आणि आतां तर ‘टॉवेल रोज धुवावयास टाकूं नका’ एवढी पाटी न्हाणीघरांत लावली कीं, कोणत्याहि हॉटेलास हें बिरुद मिरवावयास हरकत राहिलेली नाहीं.

या पर्यटनाचीं तत्त्वें थोडक्यांत तीन आहेत. स्थळाचें पाणी, माती व वन यांचा उपभोग तीं पुन्हां भरून येतील इतक्याच बेतानें घ्यावा. तेथील लोकांच्या राहणीचा व रीतिभातींचा मान राखावा. आणि प्रवाशांच्या पैशांतून त्या लोकांस टिकाऊ व प्रतिष्ठेची उपजीविका मिळावी. या तत्त्वांशीं कोणाचा वाद असण्याचें कारण नाहीं. आमचा वाद आहे तो आचरणाशीं. पहिलें तत्त्व आपण मोठ्यानें म्हणतों, दुसरें हळू म्हणतों आणि तिसरें म्हणावयाची वेळ आली कीं आपल्यास गाडी गांठावयाची असते. उदाहरण फार दूरचें नको, माथेरानचेंच घेऊं.

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० सालीं या डोंगरावर चढला आणि मुंबईच्या साहेबलोकांस उन्हाळ्याचें विश्रांतिस्थान सांपडलें. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या उद्योगानें १९०७ मध्यें नेरळहून दोन फूट रुंदीच्या रुळांवरून चिमुकली आगगाडी वर येऊं लागली. मोटारीस मात्र गांवांत मज्जाव राहिला. खालून येणारी मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. तेथून पुढें फार काळ पाय, घोडा किंवा हातरिक्षा हींच साधनें होतीं. २००३ सालीं केंद्रसरकारनें माथेरान व भोंवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि या जुन्या शिस्तीस कायद्याचें बळ मिळालें. रुग्णवाहिका व अग्निशामक गाडी यांचा काय तो अपवाद. या बंदीनेंच माथेरान वांचविलें, हें आम्ही निःशंकपणें सांगतों. ज्या गिरिस्थानांनीं मोटारीस दार उघडलें, तेथें सुट्टीच्या दिवशीं वाहनांच्या रांगेंत बसून डोंगर पाहावा लागतो. माथेरानांत अजून जांभळीच्या सावलींत पांखरांचा शब्द ऐकूं येतो, तो या बंदीचा प्रसाद होय.

पण ही शांतता फुकट मिळालेली नाहीं. ती कोणाच्या पाठीवर उभी आहे, हें मला एकदां फार चांगलें समजलें. आणि त्यांत दोष माझाच असल्यामुळें तें येथें सांगण्यास हरकत नाहीं.

वीसएक वर्षांपूर्वीं आईस घेऊन मी माथेरानास गेलों होतों. तिचे गुडघे धरलेले, म्हणून तिच्यासाठीं हातरिक्षा केली आणि मी शेजारून चालूं लागलों. एक जण पुढून ओढीत होता, दुसरा मागून लोटीत होता. ओढणारा माझ्याच वयाचा असावा. चढावर त्याचा श्वास मला ऐकूं येऊं लागला. कांहींतरी बोलावें म्हणून मी म्हणालों, “इथं मोटार येत नाही, हे किती बरं आहे!” तो चढ संपेपर्यंत कांहींच बोलला नाहीं. वर आल्यावर दांडी खालीं ठेवून, टोपीनें तोंड पुसून शांतपणें म्हणाला, “बरं आहे साहेब. मोटारीचं काम आम्हीच करतो ना.” आई रिक्षांतून उतरली आणि राहिलेली वाट कशीबशी चालत गेली. त्या दिवशीं मला पर्यावरणावरील कोणत्याहि ग्रंथांत न मिळालेला धडा मिळाला.

त्या माणसाचें म्हणणें नीट ध्यानांत घ्यावें. त्यानें बंदीची निंदा केली नाहीं. बंदीचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकला आहे, एवढेंच त्यानें दाखविलें. स्वच्छ हवा प्रवाशानें घेतली, भाडें हॉटेलवाल्यानें घेतलें, दम मात्र ओढणाऱ्यास लागला. तीच गोष्ट गांवकऱ्यांची. बाजाराचा माल डोक्यावरून किंवा घोड्यावरून आला कीं महाग होणारच. शाळेंत पायपीट करीत जाणारें पोर आणि चालवत नसलेला म्हातारा यांनींहि आपल्या दोन दिवसांच्या शांततेचा कर वर्षभर भरावयाचा. जो नियम प्रवाशाच्या सुखासाठीं आहे, त्याचा खर्च प्रवाशानेंच उचलला पाहिजे, हें आमच्या मतें शाश्वत पर्यटनाचें चौथें आणि खरें तत्त्व होय.

६ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, माणसानें माणसास ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेस बाधक आहे असें सांगून ती सहा महिन्यांच्या आंत बंद करण्याचा आदेश दिला. सरकारनें विजेवर चालणाऱ्या रिक्षा घेऊन त्या खऱ्या हातरिक्षावाल्यांस भाड्यानें द्याव्या, असेंहि सुचविलें. तत्पूर्वीं २०२२ च्या डिसेंबरांत अशा रिक्षांचा अल्पसा प्रयोग झालाच होता. स्वातंत्र्यानंतर पाऊणशें वर्षांनीं ही गोष्ट न्यायालयास सांगावी लागली, यांत भूषण कोणाचेंच नाहीं.

आतां विरोधकांकडे वळूं. पहिला पक्ष निसर्गप्रेमी सज्जनांचा. ते म्हणतात, “आज विजेची रिक्षा, उद्यां मोटार, उंटानें तंबूंत मान घातली कीं अंग यावयास वेळ लागत नाहीं.” ही भीति खोटी आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. गाडीसाठीं रस्ता बांधावा लागतो. रस्ता झाला कीं मागणी वाढते. लाल मातीच्या वाटेवर बसविलेल्या ठोकळ्यांवरून वाद न्यायालयापर्यंत गेला, तो उगाच नव्हे. परंतु उंटास बाहेर ठेवण्यासाठीं माणसास जूं लावावें, हा कोणता न्याय? उंटाचा बंदोबस्त उंटाशींच करावा. रिक्षांची संख्या बांधून द्यावी, त्या ठराविक वाटेवरच चालाव्या, परवाना हातरिक्षा ओढणाऱ्यांच्याच हातीं राहावा आणि खाजगी मोटार दस्तुरीच्या पलीकडे एक पाऊलहि येऊं नये. परवाना जर कोणा धनिकाच्या हातीं गेला, तर मात्र सज्जनांची भीति खरी ठरेल; कारण धनिकास दोन रिक्षांवर समाधान नसतें. ज्याची भाकरी माथेरानच्या माथेरानपणावर अवलंबून आहे, तोच त्या बंदीचा खरा राखणदार होय. घोडेवाल्यांच्या पोटाचाहि विचार याच न्यायानें झाला पाहिजे; एकाचें जूं काढतांना दुसऱ्याची चूल विझवूं नये.

दुसरा पक्ष आमच्याच वर्गांतला आहे आणि म्हणून त्याच्याशीं अधिक स्पष्ट बोललें पाहिजे. तो म्हणतो, “गर्दी हेंच मूळ, प्रवेशकर जबर ठेवा, म्हणजे हुल्लडबाज येणार नाहींत.” भूतानचा दाखला देण्यांत येतो. तेथें परदेशी प्रवाशावरील दररोजचा कर २०२२ सालीं २०० डॉलर केला होता. पुढल्याच वर्षीं तो १०० वर आणावा लागला, हें मात्र सांगण्यांत येत नाहीं. व्हेनिसनेंहि २०२४ मध्यें दिवसापुरत्या येणाऱ्यांवर पांच युरोंचा कर बसविला. कर असावा, याला आमची ना नाहीं. पण कर म्हणजे गाळणी नव्हे. गिरणगांवच्या चाळींतून रविवारीं भाकरी बांधून येणारें कुटुंब पायीं हिंडतें आणि संध्याकाळच्या गाडीनें परततें. ज्यास न्हाणीघरांत चोवीस तास पाणी लागतें तो प्रवासी, त्या कुटुंबापेक्षां डोंगरास कितीतरी जड असतो. माथेरानास शार्लट तलाव पुरत नाहीं, खालून पाणी चढवावें लागतें. तेव्हां मोजावयाचें तें डोक्यांच्या संख्येनें नव्हे, घागरींच्या संख्येनें. कर बसवावयाचा तर तो खोल्यांवर व पाण्यावर बसवा, आणि त्याचा पैसा कचरा खालीं नेण्यास, रिक्षावाल्यांस व शाळेस द्या.

शेवटीं वाचकांस एक विनंति. हा लेख मिटल्यावर पुढल्या सुट्टीचा बेत कदाचित् घरांत सुरू होईल. हॉटेल ठरवितांना तेथील खिडकींतून दरी दिसते कीं नाहीं, हें आपण विचारतोंच. त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावे: येथें पाणी कोठून येतें? आमचा कचरा कोठें जातो? आणि आमचें सामान कोण, किती मजुरीवर वर आणतो? उत्तरें ऐकून जावयाचें कीं नाहीं तें ज्याचें त्यानें ठरवावें. परंतु हे प्रश्न न विचारतां जो डोंगरावर जाऊन शांततेची स्तुति करतो, त्यानें आपल्या शांततेखालीं कोणाचा तरी श्वास लागला आहे, एवढें तरी कान देऊन ऐकावें.