कमिटी कुठे आहे, ते विचारा!



भोंगे बंद झाले, परळ-लालबागची खोली सुटली आणि तुमच्यातले कित्येक जण मुलांच्या बिऱ्हाडी इकडे विश्रांतवाडी-धानोरीला आले. इथल्या चौकात उद्या कुणी छाती ठोकून म्हणाला, की मराठी माणूस म्हणजे मीच आणि माझ्याविरुद्ध बोलेल तो महाराष्ट्राचा वैरी, तर टाळी वाजवण्याआधी घटकाभर थांबा!

हे राज्य एकट्या वाघाने आणलेलं नाही. ६ फेब्रुवारी १९५६ ला याच पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती झाली. तीत कम्युनिस्ट डांगे, समाजवादी एस. एम., शेकाप, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि अत्रेसाहेब! एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी ही मंडळी. भांडली, पण ठराव करून लढली. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर गोळ्या खाल्ल्या त्या गिरणीतल्या माणसानेच १९५७ साली मतपेटीतून दिल्लीला उत्तर दिलं. १ मे १९६० उगवला तो असा.

मग १९ जून १९६६ ला शिवसेना निघाली. दुखणं खरं होतं; मुंबईत मराठी पोराला नोकरी मिळत नव्हती, हे कोण नाकारील? पण औषध काय दिलं? उडप्याच्या हॉटेलावर दगड! १९६७ साली परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या गिरणी कामगार युनियनच्या कचेरीवर हल्ला झाला. जून १९७० मध्ये तुमचा आमदार कृष्णा देसाई लालबागेत मारला गेला. तो काय मद्रासी होता? साचेखात्यातल्या बदलीवाल्याचा प्रश्न विचारायला मराठी माणूसच उभा राहिला, की तोही वैरी ठरतो. १९७५ ला आणीबाणी आली, तेव्हा सेनाप्रमुखांनी तिला पाठिंबाच दिला. ज्याच्या सेनेत निवडणूक नाही, त्याला देशातली निवडणूक कशाला हवी!

आता बोलतो ते काहींना झोंबेल. १८ जानेवारी १९८२ चा संप. अडीच लाख माणूस बाहेर पडला. १९४६ च्या कायद्याने मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगार कुणाच्या मागे आहे, हे गुप्त मतदानाने विचारायची सरकारची छाती झाली नाही. हा गुन्हा सरकारचाच. पण आपल्या बाजूलाही 'डॉक्टर सांगतील ते' एवढंच उरलं होतं. संप मागे घ्यायचा की चालवायचा, हे खात्याखात्यात कुणी मत टाकून ठरवलं? दत्ता सामंत प्रामाणिक होते, म्हणून हा प्रश्न सुटत नाही. अर्जेंटिनात पेरॉनने १९४६ नंतर कामगारांना रजा दिल्या, पगार वाढवले आणि त्यांच्या युनियनी अलगद खिशात घातल्या.

बेळगाव, निपाणी, कारवार अजून बाहेरच आहेत. त्यांच्यासाठी घसा कोरडा करणाऱ्याला भरसभेत विचारा : २००४ साली सुप्रीम कोर्टात घातलेल्या दाव्यासाठी तुम्ही काय केलंत? कमिटीत कोण आहे, तिला कुणी निवडलं? गेल्या वर्गणीचा हिशेब कुठे लावलाय? उत्तराऐवजी घोषणा आली, तर पावती फाडू नका. खिशातला हात खिशातच राहू द्या.